स्लॅबच्या घरातली जुनी किल्ली

"नवे घर उभे राहून वर्षे लोटली, तरी जुन्याची आठवण निघाली की रडू येते आणि वारा सुटला की छाती धडधडते, माझे मन इतके दुबळे कसे?" कोकण किनाऱ्यावर वादळात घर गमावलेल्यांचे समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. त्याचे उत्तर एका काकूंच्या अनुभवातून देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले, तेव्हा काकू आणि काका गावातल्या शाळेत आसऱ्याला होते. परतल्यावर पाहतात तो छप्पर गेलेले, मातीच्या भिंती खचलेल्या आणि वाडीतल्या पोफळी मोडून एकमेकींवर पडलेल्या. दाराची चौकट मात्र उभी होती आणि काकूंनी लावलेले कुलूप तिला तसेच होते. पुढे मुलाने स्लॅबचे घर बांधून दिले. तरीही दर वर्षी मे संपत आला की काकू रात्री उठून खिडक्यांच्या कड्या तपासत आणि रेशनकार्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून उशाशी ठेवत.

प्रथम मी त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवले. धडधड थोडी कमी झाली, रडणे थांबले नाही. भीती आणि शोक यांना मी एकच समजले होते, ही माझी चूक होती. दुसऱ्या भेटीत मी त्यांना जुने घर ओटीपासून दाखवायला सांगितले. ओटी, पडवी असे करत त्या माजघरात आल्या आणि तिथल्या काचेच्या कौलाविषयी कितीतरी वेळ बोलत राहिल्या. त्यातून पडणारा कवडसा जात्याजवळ सरकला की भात चढवायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. "आता भिंतीवर घड्याळ आहे, ताई, पण मला वेळ कळत नाही," असे त्या म्हणाल्या. या वाक्यावर उपाय सुचवणे मला उद्धटपणाचे वाटले, म्हणून मी नुसती ऐकत राहिले.

भीतीचे काम वेगळे होते. कागदपत्रे, औषधे, विजेरी यांची पिशवी मेअखेरीस घरातल्या सर्वांनी मिळून भरायची आणि हवामान खात्याचा इशारा दिवसातून दोनदाच पाहायचा, असे ठरवल्यावर रात्रीच्या फेऱ्या कमी झाल्या. मात्र झोप, जेवण किंवा रोजचे काम महिन्याहून अधिक काळ बिघडलेले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटायलाच हवे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

"आई, पहिल्यापेक्षा चांगले घर झाले, आता काय राहिले?" असे सतत म्हणणारा मुलगा तिसऱ्या भेटीला सोबत आला. वादळाच्या वेळी टाळेबंदीमुळे तो मुंबईत अडकला होता, गावचे फोन बंद पडले होते आणि आईवडील जिवंत आहेत की नाहीत, हेही त्याला काही दिवस कळले नव्हते. हे त्याने आजवर घरात कधी सांगितले नव्हते. काकूंनी कनवटीची जुनी किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली. त्याने ती उचलली आणि कवडसा नेमका कुठे पडायचा, असे आईला विचारले.