‘अकरा बायांना मीच जोडलं, आता सोडू कशी?’

“धंदा सोडाचं चार महिन्यापासून मनात हाये. पण माह्यापायी अकरा बाया जुडल्या. म्या सोडलं त त्यायले काय तोंड दाखवू?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या ताईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) वय 38, घरी तीन एकर कोरडवाहू, गावातल्या बचत गटाच्या त्या सचिव. नेटवर्क मार्केटिंगमध्ये, म्हणजे कंपनीचा माल घेत आपल्या खाली माणसं जोडून कमिशन मिळवायच्या साखळीत, त्यांना आणलं नणंदेच्या नवऱ्यानं. घरच्या जावयानं ओसरीत बसून प्लॅन दाखवला, तर त्याला तोंडावर नाही म्हणायची रीत आपल्याकडे नाही. पहिला आयडी, म्हणजे साखळीतला सभासद क्रमांक, तसाच लागला.

साखळीतून बाहेर पडू पाहणारे बहुतेक जण सल्ल्यासाठी हाच प्रश्न घेऊन येतात. स्वतःचे पैसे बुडाल्याचं दुःख दुसऱ्या नंबरावर असतं. मोहापायी माणूस आत जातो हे खरं, पण त्याला आत धरून ठेवते ती लाज. म्हणून ‘तुम्ही फसलात’ हे वाक्य पहिल्या भेटीत बोलायचं नसतं. ते घरचे रोज बोलतच असतात.

हिशेबाआधी ताईंना दोन गोष्टी विचारल्या. पहिली, जिवाचं काही बरंवाईट करावं असा विचार येतो का? आडवळणानं नाही, सरळ. असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनात दडलेला असला तर बाहेर येतो. ताई म्हणाल्या, एका रात्री आला होता. त्यांच्या संमतीनं नवऱ्याला बोलावलं. फवारणीचं औषध घरातल्या फडताळात होतं, ते त्याच दिवशी दिराकडे कुलपात गेलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. शेतकरी घरात ही दक्षता आधी, बाकी सगळं नंतर.

दुसरी गोष्ट, तुमच्या मालावर विसंबून कोणी डॉक्टरचं औषध बंद केलं का? ताई गप्प झाल्या. त्यांच्या खालच्या एका मावशीनं ‘पावडरनं शुगर मुळापासून जाते’ हे ऐकून गोळ्या सोडल्या होत्या. हे वाक्य ताईंना मीटिंगमध्ये शिकवलेलं, त्यांनी ते पुढं नेलेलं. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं मनाई आहे, पण मावशीला कायद्याशी काय देणं? तिला त्या संध्याकाळीच फोन केला, दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातली साखर तपासायला पाठवलं. किती गोळ्या घ्यायच्या ते तिथले डॉक्टर ठरवतील, जुनी पट्टी काढून आपल्या मनानं सुरू करू नका, एवढंच सांगितलं.

मग वही. दोनशे पानी, उभी रेघ मारलेली. ताईंचा अंदाज होता, “गेले असतीन पंधरा-वीस हजार.” पासबुक, यूपीआयची नोंद, सेमिनारची तिकिटं आणि बिलं समोर ठेवून 26 महिन्यांचा हिशेब लावला. जॉइनिंगचं पॅकेज 6,500 रुपयांचं, पण आयडी तीन निघाले: त्यांचा, नवऱ्याचा, दिराचा. म्हणजे 19,500. ‘ॲक्टिव्ह’ राहायला, म्हणजे कमिशन चालू राहावं म्हणून, दर महिन्याला करायची 2,200 ची खरेदी (री-परचेस), 22 महिने भरली, 48,400. अमरावती, नागपूर, एकदा पुणे अशा सात सेमिनारांची तिकिटं आणि जाण्यायेण्याचा खर्च 19,600. घरच्या मीटिंगचा चहा-पोहे आणि रिचार्ज महिन्याला 400 धरून 10,400. उधारीवर दिलेला आणि न वसूल झालेला माल 8,700. एकूण 1,06,600.

जमेच्या बाजूला बँकेत आलेलं कमिशन 21,350, माल विकून हाती आलेले 14,200. साबण-टूथपेस्ट घरात वापरली, ती फुकट कशी गेली म्हणायची, असं ताई म्हणाल्या. बरोबर होतं. पण ती कंपनीच्या दरानं न धरता किराण्यात पडली असती त्या दरानं धरली: महिन्याला 180, 22 महिन्यांचे 3,960. निव्वळ खोट 67,090. शिवाय निंदणाचे, वेचणीचे 61 रोज मीटिंगांत गेले, 250 नं धरले तरी 15,250. सगळं मिळून 82,340.

ताई बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोक्यात दोन वर्षं एकच आकडा पक्का होता, 5,840, म्हणजे सगळ्यात चांगल्या महिन्याचं कमिशन. गावात कोणी विचारलं की तोच सांगायच्या. खोटं बोलायच्या असं नाही, मोठा चेक लक्षात राहतो आणि 400-500 चे महिने विसरले जातात. हा हिशेब घरी एकट्यानं मांडू नये. समोर कोणीतरी असलं की ‘तो खर्च धरायचा नाही’ या पळवाटा कमी होतात.

तीन आयडी का लागले, त्यातच या प्लॅनची मेख आहे. आपल्या खालच्या माणसांच्या दोन बाजू, डावी लेग अन् उजवी लेग, दोन्हीकडच्या खरेदीचे पॉइंट जुळले की पैसे, म्हणजे पैसे मिळतात ते नेहमी कमजोर लेगच्या मापानं. ताईंची डावी लेग जवाईबुवांनी वरून भरलेली, म्हणून पळत होती. उजवी लंगडी. पॉइंट जमा दिसायचे, पण त्यातून काही निघायचं नाही, आणि एक महिना री-परचेस चुकली की जमा पॉइंटही बाद. ते बाद होऊ नयेत म्हणून ताईंनी स्वतःच्याच पैशानं उजवीकडं नवऱ्याचा आयडी लावला, मग दिराचा. मोबाइलवर टीम वाढलेली दिसत होती, पैसा मात्र एकाच घरातून जात होता.

नंतर एका कोऱ्या कागदावर त्यांनाच झाड काढायला लावलं. एकानं पाच जोडायचे. 1, 5, 25, 125, 625. बेरीज 781. त्यांच्या गावात घरं पाचशेच्या आसपास, म्हणजे 625 चा थर भरायच्या आधीच गाव संपतं. आणि 781 पैकी 625 जण सगळ्यात खाली, ज्यांच्याखाली कोणीच नाही. शंभरात ऐंशी. मीटिंगमध्ये ‘मेहनत केली नाही म्हणून पैसे आले नाहीत’ असं याच ऐंशींना ऐकवलं जातं. त्या कागदावर ताईंनी खालच्या ओळीत हळूहळू अकरा नावं लिहिली. इथं मधे बोलायचं नसतं.

“आतापर्यंत एवढं घातलं, सहा महिने अजून पाहू का?” हा प्रश्न ठरलेला. त्याला उत्तर त्यांच्याच वावरातलं होतं. डिसेंबर-जानेवारीनंतर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वावरात ठेवायची का, असं विचारलं. त्या पटकन म्हणाल्या, “फरदड? नाई बा. एखादा वेचा जास्त निघन असं वाटते, पण बोंडअळी पुढच्या सालावर येते.” मग स्वतःच थांबल्या. आजवर घातलेलं खत-बियाणं मोजून फरदड ठेवत नाहीत. पुढं काय येणार, काय किडणार, ते पाहून ठरवतात.

एक गोष्ट मात्र हिशेबात बसत नाही. गटाच्या पासबुकावर सही करणारी ही बाई, पण गावात तिला कधी कोणी माइक दिला नव्हता. सेमिनारमध्ये तिला ‘मॅडम’ म्हटलं, स्टेजवर बोलावलं, दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. धंदा सोडला की ते जातं, दर रविवारची सोबत जाते, फोन वाजायचा थांबतो. पहिले दोन महिने पैशापेक्षा हीच पोकळी लोकांना परत ओढते. घरच्यांनी ‘सुटली एकदाची’ म्हणून मोकळं होऊ नये.

सोडण्याच्या कामात क्रम चुकला की नुकसान वाढतं. व्हॉट्सॲपवर ‘मी सोडतेय’ असा संदेश टाकून ग्रुपमधून बाहेर पडणं, ही सर्रास होणारी चूक. त्याच रात्री आयडी बंद होतो आणि पुरावे आत अडकतात. ताईंनी आधी आयडी उघडून कमिशनचे तक्ते, खरेदीची बिलं, खालच्यांची यादी मोबाइलमध्ये उतरवून घेतली, ग्रुपमधल्या ‘शुगर जाते’, ‘पैसे दुप्पट’ अशा संदेशांचे स्क्रीनशॉट तारखेसह घेतले. मग यूपीआय ॲपमधलं री-परचेसचं ऑटोपे बंद केलं. त्यानंतर राजीनामा, चार ओळींचा: आयडी क्रमांक, आजपासून काम बंद, माझ्या खात्यातून रक्कम वळती करू नये, न उघडलेला माल परत घ्यावा. ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं, पोहोचपावतीसह. कारणं लिहायची नाहीत, कारण दिलं की ते खोडून काढायला माणूस येतो.

घरात 17 डबे होते. 9 सीलबंद आणि मुदतीतले, बिलासह वेगळे ठेवले. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, 2021 नुसार कंपनीनं विक्रेत्याशी लेखी करार करायचा असतो, नोंदणी फी घेता येत नाही, आणि दंडाशिवाय माघार घ्यायची मुदत द्यावी लागते. ती किती दिवसांची ते करारात पाहायचं. ताईंची मुदत कधीच उलटली होती. पण परतीचं कलम करारात होतं, त्यावर बोट ठेवून मागणी केली, आणि 9 पैकी 6 डब्यांचे पैसे कापून का होईना आले. जे अजून नवे आहेत त्यांनी दिवस घालवू नयेत.

माल नावालाच आणि कमाई माणसं जोडण्याची, असं असेल तर तो थेट विक्रीचा धंदाच नव्हे. 1978 च्या बक्षीस चिट आणि पैसा परिचलन योजना बंदी कायद्यात अशी योजना चालवणं तर गुन्हा आहेच, तिच्यात सभासद करून घेण्यालाही मनाई आहे. ‘कंपनी रजिस्टर आहे, जीएसटी नंबर आहे’ याला सरकारची हमी समजू नये, ते कागद कोणत्याही दुकानाकडं असतात. तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत करता येते. मात्र आपणही माणसं जोडली असली तर त्याआधी वकिलाशी बोलून घ्यावं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. नंबर 15100.

आता मूळ प्रश्न, त्या अकरा जणी. सगळ्यांना एकत्र बोलवायचं नाही. एकत्र बसल्या की दोघी ओरडतात, बाकीच्या गप्प राहतात आणि निघताना वरच्या माणसाला फोन लावतात. एकेकीच्या घरी, तिच्या सवडीनं. आधी मावशी, कारण तिच्या तब्येतीचा प्रश्न. मग गटातून कर्ज काढून पॅकेज घेतलेल्या तिघी, शेकडा 2 रुपये महिन्याचं व्याज त्यांच्या डोक्यावर चढत होतं. मग बाकीच्या. बोलायचं काय ते आधी लिहून म्हणून पाहिलं: “मी तुला यात आणलं. मला हिशेब आता समजला, माझे सदुसष्ट हजार गेले. मी सोडलं. तू री-परचेस भरू नको. तुझ्या जॉइनिंगवर मला जे कमिशन मिळालं ते मी ठेवणार नाही.” एवढंच. ‘मलाही फसवलं’ हे पहिलं वाक्य नको, ते ऐकणारीला अंग काढून घेतल्यासारखं वाटतं. आणि ‘तुमचे सगळे पैसे मी देते’ हेही नको. ताई आधी तेच म्हणत होत्या. अकरा पॅकेजांचे 71,500 होतात, ते द्यायला पुन्हा कर्ज काढावं लागलं असतं. अकरा जणींच्या जॉइनिंगवर त्यांना मिळालेलं कमिशन निघालं 7,700, प्रत्येकी 700. ते सोयाबीन विकल्यावर द्यायचं ठरलं, वहीत सही घेऊन.

गटाचं पद वेगळं हाताळलं. एकाच सतरंजीवर आधी बचतीचा हप्ता आणि मग कंपनीचा प्लॅन, असं दोन वर्षं झालं होतं. तिघींची कर्जं फिटेपर्यंत सचिवाचं काम दुसरीकडं द्यावं, असा ठराव ताईंनीच मांडला. नको म्हणणाऱ्याही होत्या.

जवाईबुवांचे फोन ठरल्या क्रमानं आले. आधी “वहिनी, तुमच्यासारखी लीडर नाही”, मग “थोडक्यात हारलात”, मग “कंपनी केस करते”. उत्तर एकच ठेवलं होतं, “माझं ठरलं आहे, पोळ्याला घरी या.” वाद घातला की त्यांच्याकडं प्रत्येक वाक्याला शिकवलेलं उत्तर असतं. ‘एकदा शेवटचं मोठ्या सरांना भेटा’ याला तर बिलकूल जायचं नाही. नणंदेशी बोलणं ताईंनी एकटीनं, नवऱ्याला मधे न घालता केलं. ती रडली. तिच्या घरातली खोट याहून मोठी होती.

अकरापैकी आठ जणींनी री-परचेस थांबवली. दोघी अजून करतात. एक ताईंशी बोलत नाही, हळदीकुंकवालाही आली नाही, तिचे 700 रुपये वहीत पाकिटात ठेवलेले आहेत. मावशीच्या गोळ्या सुरू आहेत.