मुळूमुळू पाऊस

प्रश्न असा आहे: ‘पाऊस मुळुमुळु पडला रात्रभर’ अशी ओळ एकीने लिहिली. वाचणाऱ्याने दोन हरकती घेतल्या. मुळुमुळु फक्त रडतात, पडत नाहीत, ही पहिली. कवितेत क्रियाविशेषणं जमतील तितकी गाळावीत, ही दुसरी. तेव्हा ओळ चुकली का? आणि जाता जाता, मुळुमुळु की मुळूमुळू?

ओळ चुकलेली नाही. गंमत म्हणजे पहिली हरकत खरी आहे, आणि ती खरी आहे म्हणूनच ओळ जमली आहे. मराठीत रडण्याची किती क्रियाविशेषणं आहेत बघा: मुळूमुळू, मुसमुसून, हमसून हमसून, ढसाढसा, ओक्साबोक्शी, धाय मोकलून. पाणी हळूहळू चढत जावं तशी ही यादी चढते. यातल्या बहुतेकांचा संसार एकट्या ‘रडणे’शी आहे. ओक्साबोक्शीला तर रडण्यावाचून दुसरं घरच नाही. त्यामुळे पाऊस मुळूमुळू पडला म्हटलं की ‘रडणे’ कागदावर नसतानाही कानात येतं. ‘पाऊस जणू रडत होता’ असं लिहिलं असतं तर कोणी मान वर करून पाहिलं नसतं. ते शंभरदा वाचून झालंय. इथे ‘जणू’ नाही, ‘रडणे’ नाही, उपमेचं सगळं काम एका अव्ययाने परस्पर उरकलं आहे.

हाच खेळ उलटाही खेळता येतो: ‘तो ढसाढसा हसला’, ‘ती खुदकन रडली’. यातलं पहिलं मला चालतं, कारण ढसाढसात अंग गदगदून हलणं आहे आणि ते हसण्यातही असतं. वर त्या हसण्याखाली काहीतरी बिनसलंय अशी शंकाही येते. दुसरं मात्र नुसती कोलांटी वाटते. शेजारच्या क्रियापदाकडून उसनं आणलेलं क्रियाविशेषण ओळीत रुजतं, थेट विरुद्ध टोकाकडून आणलेलं एकदा हसवून संपतं. एका कवितेत असा एखादाच खेळ पुरे. प्रत्येक ओळीत केलात तर वाचक पुढच्या उडीची वाट बघत बसतो आणि कविता राहते बाजूला.

जोडी पक्की असल्याचा आणखी एक फायदा आहे: क्रियापद गाळता येतं.

ती ओक्साबोक्शी,
मी खिडकीपाशी.

दोन ओळींत एकही क्रियापद नाही. ती काय करते आहे हे सांगावं लागत नाही. ‘मी’ मात्र काहीच करत नाही, नुसता आहे. एक शब्द रीत सांगतो, दुसरा जागा, आणि दोघांमधलं अंतर यमकाने आपसूक मोजलं जातं.

आता दुसरी हरकत. क्रियाविशेषणं गाळा हा सल्ला बाहेरून आलेला आहे, आणि तो ‘-पणे’वाल्यांना लावाल तर माझी काही तक्रार नाही. शांतपणे, हळुवारपणे, निष्काळजीपणे हे शब्द अहवालात शोभतात; कवितेत पायात आल्यासारखे वाटतात. पण चालण्याचं काय करणार? वेगवेगळ्या चालींना वेगवेगळी क्रियापदं असलेल्या भाषेत क्रियाविशेषण काढलं तरी चाल शिल्लक राहते. मराठीत बाळ दुडुदुडु चालतं, म्हातारी लुटुलुटु चालते, रागावलेली बाई तरातरा चालते. यातून क्रियाविशेषण काढलं की उरते नुसती ‘चालते’. सगळं चित्र क्रियाविशेषणात आहे, क्रियापद बिचारं हमाली करतंय.

त्यातही नादावरून आलेले शब्द नीट न्याहाळण्यासारखे आहेत. ‘टपकन’ म्हणजे एकच थेंब. ‘टपटप’ म्हणजे अनेक, पण एका लयीत. ‘टपाटप’ म्हणजे घाई झाली, मोजायला सवड नाही. धातू तोच, पण घडण बदलली की संख्या आणि वेग दोन्ही बदलले. पटकन, पटपट, पटापट. भरकन, भरभर, भराभर हेही याच घरातले. एका कडव्यात टपकन, दुसऱ्यात टपटप, तिसऱ्यात टपाटप असं नुसतं ठेवलं तरी ‘पाऊस वाढत गेला’ हे वाक्य लिहावं लागत नाही. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) असे शब्द नोंदवताना ‘-कन’च्या जोडीला ‘-कर’, ‘-दिनी’, ‘-दिशी’ अशी रूपंही दिली आहेत. त्यातलं ‘-कन’ आज धडधाकट आहे, ‘झटदिशी’ कधीमधी कानावर पडतं, बाकीची थकली. यमकासाठी अडला असाल तर या म्हाताऱ्यांना जरूर हाक मारा. आपसूक एक जुना, घरगुती आवाजही मिळतो.

एक खेळ मला या सगळ्यांहून आवडतो, आणि त्याला नवा शब्द लागतच नाही. ‘ती निळी हसली’ आणि ‘ती निळं हसली’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात निळेपण तिच्याकडे जातं, दुसऱ्यात हसण्याकडे. शेवटचा एक स्वर बदलला आणि विशेषणाचं क्रियाविशेषण झालं. ही मोडतोड नव्हे, भाषेत याची वाट आधीच मळलेली आहे: ‘तो कसनुसा हसला’ आणि ‘तो कसनुसं हसला’ ही दोन्ही आपण बोलतो. ‘कडू’सारखं न बदलणारं विशेषण घेतलं तर ‘तो कडू हसला’मध्ये कडू तो की हसणं, हे ठरतच नाही. कधी कधी तेच हवं असतं.

राहिलं शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे हळूहळू, मुळूमुळू यांतला दुसरा आणि चौथा स्वर दीर्घ. नादानुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करणारे, असतील तर मात्र ऱ्हस्व: दुडुदुडु, लुटुलुटु, रुणुझुणु. म्हणजे मुळूमुळू दीर्घच. नियमाला ते नादानुकारी वाटलेलं नाही, आणि तसंही मुळूमुळू रडणाऱ्याचा आवाज येतो कुठे? वृत्तासाठी ऱ्हस्वदीर्घाची सूट कवीला नियमांनीच दिली आहे, पण ती घेताना हिशेब माहीत असू द्या. दीर्घ लिहिलं तर सहा मात्रा, ऱ्हस्व लिहिलं तर चार. मुळूमुळू, हळूहळू, ढसाढसा ही सगळी लघु-गुरू-लघु-गुरू, म्हणजे छंदशास्त्राच्या खुणांत ल-गा-ल-गा. वृत्ताला धक्का न लावता एकाच्या जागी दुसरं बसतं. आणि ‘लगालगा’ हे स्वतःच घाईने चालण्याचं क्रियाविशेषण आहे, स्वतःचाच लघु-गुरू क्रम अंगावर घालून फिरणारं. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, पण मला त्याचा आनंद दरवेळी नव्याने होतो.

ओळीबद्दल माझी सूचना एवढीच: ‘पडला’ काढा. हरकत होती ती त्याच शब्दावर, आणि पाऊस दुसरं करणार तरी काय. ‘रात्रभर’ही क्रियाविशेषणच आहे, फक्त काळाचं, त्याला पुढे घ्या आणि शेवट उघडा सोडा:

रात्रभर पाऊस मुळूमुळू