डायपर सोडवायचाय? आधी पोट बघा, मग संडास

ताई, तुम्ही लिहिलेलं नीट वाचलं. मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलत नाही. सातारा जिल्ह्यात कोरेगावजवळच्या गावात घर, संडास अंगणापलीकडे आणि उकिडवं बसायचा. डायपर काढला की शू दिसेल तिथे. शी मात्र डायपर लावल्याशिवाय नाहीच, तीही पलंगामागच्या कोपऱ्यात उभं राहून, तीन-चार दिवसांतून एकदा. सासूबाई म्हणतात मोठा झाला की आपोआप शिकेल. शाळा म्हणते डायपर सुटल्याशिवाय आणू नका. आणि तुम्ही विचारताय, सुरुवात कुठून करू आणि फार उशीर झालाय का.

उशीर झालेला नाही. पण आपोआपही शिकणार नाही. विशेष शाळेत शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. बारा-तेराव्या वर्षी डायपर सुटलेली मुलं मी पाहिली आहेत. बोलता येणं ही अट नाही. तास-दीड तास कोरडा राहत असेल आणि दोन-तीन मिनिटं एका जागी बसत असेल, तर शिकवायला घ्यायला हरकत नाही.

पण तुमच्या सगळ्या लिहिण्यात माझी नजर अडली ती ‘तीन-चार दिवसांतून एकदा’ यावर. ताई, हा आधी पोटाचा प्रश्न आहे. शी गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, साचत गेली की सुकते, कडक आणि जाड होते, बाहेर पडताना दुखते. एकदा दुखलं की पोर पुढच्या वेळी रोखून धरतं. पाय जुळवून, टाचा उचलून, भिंतीला टेकून उभं राहतं. बघणाऱ्याला वाटतं जोर करतोय, पण तो आवळून धरत असतो. हे बरेच महिने चाललं की गुदाशय ताणला जातो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते, चड्डीला डाग पडतात, आणि घरात कुणी म्हणतं जुलाब लागलेत, कुणी म्हणतं मुद्दाम करतो. भरलेला गुदाशय पुढच्या मूत्राशयावर दाबतो, त्यामुळे शूसुद्धा थोडी-थोडी सांडत राहते. अशा मुलाला रोज संडासात नेऊन बसवलं तर तो एकच गोष्ट शिकेल, की ही जागा दुखायची आहे.

म्हणून पहिली फेरी बालरोगतज्ज्ञांकडे. ‘डायपर सुटत नाही’ एवढंच सांगू नका. किती दिवसांनी होते, किती जाड, दुखतं का, डाग पडतात का, हे सांगा. बहुतेक वेळा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोजचं पातळ औषध देतात. आधी साचलेलं मोकळं करायला, आणि मग बरेच महिने शी मऊ ठेवायला. चार दिवस पोट साफ झालं की औषध बंद करायचं, ही आपल्याकडची ठरलेली चूक. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला वेळ लागतो. औषध कधी कमी करायचं ते डॉक्टरच ठरवतील. एरंडेल पाजणं आणि साबणाची कांडी घालणं, ही दोन्ही बंद. साबणाने आतली त्वचा चुरचुरते आणि मूल आणखी घाबरतं. तो दिवसभर दूध-बिस्किटांवर राहत असेल तर दूध बेताचं करा आणि पाणी वाढवा. भाजी खात नसेल तर त्यावरून आत्ताच रोज भांडण नको. ऑटिझममध्ये खाण्याच्या आवडी फार मोजक्या असतात, आणि एका वेळी दोन लढाया लढू नयेत.

हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी थोडं. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइड तपासलेलं असू द्या. ते कमी असलं तरी बद्धकोष्ठता होते. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसतो तेव्हा, स्नायूंसाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलने शौच आणि लघवी दोन्ही अडू शकतं. चिडचिड, आक्रमकपणा यांसाठी दिलं जाणारं रिस्पेरिडोन चालू असताना अंथरूण ओलं व्हायला लागलं तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, मनाने गोळी थांबवू नका. आणि स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, असलेल्या मुलांना खाली लिहिलेलं लागू नाही. तिथे मूत्राशयाच्या नसांचाच प्रश्न असतो, ठरावीक वेळी नळीने लघवी काढायला शिकावं लागतं, ते डॉक्टरांकडूनच.

पोट मऊ झालं की वही घ्या. सात दिवस फक्त नोंद, शिकवणं काहीच नाही. दिवसा दर अर्ध्या तासाने चड्डी ओली की कोरडी, काय खाल्लं-प्यायलं, शी कधी झाली. डायपर न लावता साध्या सुती चड्डीवर ठेवलं तर नोंद खरी येते. आजकालचे डायपर इतके शोषतात की ओलं झालेलं तुम्हाला कळत नाही आणि त्यालाही नाही. शीसाठी मात्र तो मागतोय तर या आठवड्यात डायपर द्या. आठवड्याने वहीत वेळा दिसायला लागतात. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, म्हणून जेवणानंतर पंधरा मिनिटं ते अर्धा तास ही शीची सगळ्यांत चांगली वेळ. सकाळच्या न्याहारीनंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर बसवा, पाच मिनिटं, फार तर सात. अर्धा-अर्धा तास हातात मोबाईल देऊन बसवलेली मुलं मी खूप पाहिली. ती मोबाईल बघायला बसतात.

आता तुमच्या संडासाबद्दल. एकदा स्वतः उकिडवं बसून, त्याच्या उंचीवरून सगळीकडे बघा. मध्ये भोक, पायाखाली ओली फरशी, कोपऱ्यात पाल, फिनेलचा भपकारा, दार लावलं की अंधार. मेढ्याकडच्या एका मुलाचं सगळं छान बसलं होतं आणि पावसाळा लागल्याबरोबर पार मोडलं. घरचे म्हणायचे, हट्टी झालाय. संडासावर पत्रा होता. मेढ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पत्र्यावरचा तो आवाज त्याला सहनच होत नव्हता. आईने पावसाळाभर पडवीत भोकाची खुर्ची आणि खाली भांडं ठेवलं, गणपतीनंतर पुन्हा संडास सुरू केला. तुमच्याकडे आवाज असेल, थंडीत गार पाणी असेल किंवा पाय ओले होणं असेल. जे असेल ते आधी काढा. बल्ब बदला, फरशी कोरडी ठेवा, थंडीत बादलीत कोमट पाणी घ्या. समोरच्या भिंतीत त्याच्या छातीच्या उंचीवर आडवा पाइप बसवून घ्या. धरायला काही मिळालं की उकिडवं बसायची भीती निम्मी होते. ज्यांना उकिडवं बसता येत नाही, सेरेब्रल पाल्सीची बरीच मुलं, त्यांना खुर्ची किंवा कमोड लागेल. तिथे पाय लोंबकळू देऊ नका. पायाखाली पाट द्या, गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आले पाहिजेत.

कोपरा आणि डायपर हे एका झटक्यात तोडू नका. त्याची शीची जागा हळूहळू सरकवा. आधी डायपर लावूनच, पण कोपऱ्याऐवजी संडासाच्या दाराशी. मग डायपर लावून आत, उभाच. मग डायपर लावून बसून. नंतर डायपरला खाली भोक पाडायचं, ते रोज थोडं मोठं करायचं, म्हणजे शी खाली पडते पण कमरेला ओळखीचा स्पर्श राहतो. शेवटी उरतो तो नुसता पट्टा, तोही जातो. विचित्र वाटेल, सासूबाई हसतीलही. पण डायपरशिवाय न करणाऱ्या मुलांत याच्याइतकं चांगलं मला काही सापडलेलं नाही. एक पायरी दोन-तीन दिवस सहज जमली की मगच पुढची.

त्याला ‘जायचं का?’ असं विचारू नका. विचारलं की नाहीच येणार. संडासाच्या दाराचा फोटो मोबाईलवर काढून प्रिंट करा, त्याच्या हातात द्या आणि ‘चल, शू’ एवढंच म्हणा. हाताची एक खूण ठरवा, आणि घरात सगळे तीच करतील असं बघा, आजोबासुद्धा. काही दिवसांनी तो फोटो त्याच्या हाताशी टांगून ठेवा. एक दिवस तो स्वतः आणून देईल, आणि त्या वेळी हातातलं काहीही सोडून उठायचं, पोळी तव्यावर असली तरी.

जमलं की लगेच बक्षीस, तिथेच, संडासाच्या दारात. साताऱ्यात राहतो आपण, कंदी पेढ्याचा नखाएवढा तुकडा पुरतो. पण मग तो पेढा दुसऱ्या कशासाठीही मिळता कामा नये. सांडलं तर रागही नाही आणि समजूतही नाही. गप्प राहून पुसायचं आणि बदलायचं. ‘तीन दिवसांत डायपर बंद’ असे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. भरपूर पाणी, सतत बसवणं आणि बक्षीस हे सूत्र अमेरिकेतल्या नेथन ॲझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांनी १९७१ मध्ये, संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांवर वापरून मांडलं. त्यांच्या पद्धतीत सांडल्यावर स्वतः साफ करायला लावणं, पुन्हा पुन्हा करवून घेणं असा शिक्षेचा भागही होता. तो आज कुणी जाणतं माणूस सुचवत नाही, आणि तुमच्या लेकाला तर तो नकोच. शिवाय तिथे दिवसभर माणसं राबत होती. तुमच्याकडे जनावरं, स्वयंपाक आणि धाकटी मुलगी आहे. महिने लागतील असंच धरून चला. रात्रीचा विषय तर आत्ता काढूच नका. दिवस बसला की बघू.

आता धुण्याकडे येते, कारण बाहेरून आलेल्या सगळ्या तक्त्यांत कागदाने पुसणं असतं आणि आपलं काम पाण्याचं. उजव्या हाताने मागून पाणी सोडायचं, डाव्याने धुवायचं, तोल सांभाळायचा, आणि हे सगळं न बघता. मोठ्या माणसाला कळत नाही यात किती कामं एकदम चालतात. मी हे संडासात कधीच सुरू करत नाही, आंघोळीला मोरीत करते. पाठीमागे साबण लावायचा, त्याचा डावा हात तिथे न्यायचा आणि बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवायला लावायचं. ‘स्वच्छ झालं’ हे कळणार कसं, याचं उत्तर त्याला बोटांतूनच मिळतं. मदत करताना समोर उभं राहू नका, मागून त्याचा हात धरा, आणि मनगट, मग कोपर, मग नुसता खांदा असा तुमचा हात मागे घेत जा. तोंडाने कमी बोला. सूचनांची सवय लागली की तो पुढची सूचना येईपर्यंत थांबून राहतो. हे जमलं की त्याच्या हातात लहान, दांडी असलेला, अर्धा भरलेला मग द्या. एका हातात ताकद नसेल तर जेट स्प्रे लावून घ्या, तो खर्च वाया जात नाही. मुलींना पुढून मागे धुवायला शिकवा, उलट केलं की लघवीचा जंतुसंसर्ग होऊ शकतो.

चड्डी शिकवताना शेवटून या. सैल इलॅस्टिकची चड्डी तुम्हीच वर आणा, शेवटची चार बोटं त्याने ओढायची. ते जमलं की मांडीपासून, मग गुडघ्यापासून. काम दर वेळी त्याच्याच हातून पुरं होतं आणि पेढाही तिथेच मिळतो. नाडी, चेन, हुक वर्षभर विसरा. दात घासणं, बनियन घालणं, केस विंचरणं, सगळं असंच शेवटून येतं, पण एका वेळी एकच धरा.

आणि प्रत्येक गोष्ट शिकवताना स्वतःला विचारा, हा पंधरा वर्षांचा असताना हे असंच चालेल का? आज तो चड्डी घोट्यापर्यंत सोडून शू करतो आणि तसाच अंगणात येतो, सगळे हसतात. पंधराव्या वर्षी कुणी हसणार नाही. म्हणून दार लावणं आत्ताच. कपडे आतच चढवून बाहेर येणं आत्ताच. उभ्याने शू करताना पुढून थोडीच खाली करणं हे वडिलांनी किंवा मामाने दाखवावं. सातारा स्टँडवर बायकांच्या बाजूला तुम्ही त्याला आज नेऊ शकता, अजून काही वर्षांनी नेता येणार नाही, आणि पुरुषांच्या बाजूला तुम्हाला जाता येणार नाही. त्याला धुवायला, बदलायला कोण हात लावेल, ती दोन-तीन माणसं घरात ठरवून टाका, बाकी कुणी नाही. न बोलणाऱ्या मुलासाठी हे जास्तच महत्त्वाचं. मुलगी असेल तर पाळी यायच्या वर्षभर आधीपासून चड्डीला पॅड लावून अधूनमधून तास-दोन तास वावरायची सवय करावी.

शाळेचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेनुसार सोयही करायची. डायपर सुटलेला हवा, ही अट घालता येत नाही. भांडायला जाऊ नका; लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि उत्तरही लेखीच मागा. बहुतेक वेळा तेवढ्यावर सूर बदलतो. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, झालं नसेल तर सिव्हिलमधून आधी ते करून घ्या. उपचारांच्या खर्चासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, सगळं मिळून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं शिकवणारी थेरपी, त्यात येते, पण तिची मर्यादा वेगळी आणि कमी आहे. ऑटिझम त्यात बसतो.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना वही द्या. दुपारी तुम्ही रानात असता तेव्हा ओलं-कोरडं बघणाऱ्या त्याच आहेत. लिहिता येत नसेल तर ओल्याला गोल आणि कोरड्याला फुली पुरे. डॉक्टरांकडे जाऊन आलात आणि आठवड्याची नोंद झाली की इथे टाका. औषध कोणतं दिलं आणि शी आता किती दिवसांनी होतेय, हे त्यात असू द्या. बसवायच्या वेळा त्यावरून ठरवू.