दमट हवेत क्षार विरघळण्याची उष्णता मोजताना

आपण रत्नागिरीत ऐन आषाढात अकरावीच्या मुलांकडून क्षार विरघळण्याची उष्णता मोजण्याचा प्रयोग करवून घेतलात, असे आपण कळवलेत. १०० ग्रॅम पाण्यात ५.५५ ग्रॅम निर्जल (पाणी न धरलेले) कॅल्शियम क्लोराइड टाकूनही पाणी ५ अंशच तापले, आणि १०.७ ग्रॅम नवसागर (अमोनियम क्लोराइड) स्टीलच्या पेल्यात विरघळवल्यावर तेवढेच गार झाले. दोन्ही उत्तरे पुस्तकापेक्षा कमी आली म्हणून आपला रोख तापमापीवर आहे, परंतु माझ्या मते तिच्याआधी हवेकडे पाहावे.

निर्जल कॅल्शियम क्लोराइड विरघळताना मोलमागे (मोल म्हणजे रेणूंच्या ठरावीक संख्येचे माप) सुमारे ८१ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, त्यामुळे ०.०५ मोलने, म्हणजे आपल्या ५.५५ ग्रॅमने, तापमान सुमारे ९ अंशांनी वाढायला हवे. मात्र बाटली उघडताच हा क्षार हवेतील पाणी ओढू लागतो, आणि त्याच्या आयनांभोवती (विद्युतभारित कणांभोवती) पाणी जमताना जी उष्णता आपल्या पेल्यात यायची तिचा मोठा वाटा बाटलीतच सुटून जातो. शिवाय आपण ५.५५ ग्रॅम म्हणून जे तोलतो त्यात पाण्याचेही वजन असते. हे किती टोकाला जाते पाहा: पाण्याचे सहा रेणू धरून बसलेला हाच क्षार विरघळताना उष्माग्राही ठरतो, म्हणजे पाणी चक्क गार करतो. म्हणून कोरडी, नुकतीच उघडलेली बाटली घ्यावी, झाकणासह तिचे वजन करावे, क्षार थेट पाण्यात ओतावा आणि बाटली पुन्हा तोलावी. बाजारातला माल द्विजल, म्हणजे पाण्याचे दोन रेणू धरलेला, असू शकतो, तेव्हा आधी लेबल वाचावे.

नवसागराची गोष्ट निराळी आहे. मोलमागे सुमारे १४.८ किलोज्यूल शोषली जात असल्याने ०.२ मोलने, म्हणजे १०.७ ग्रॅमने, तापमान ६.४ अंशांनी उतरावे. खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, २५ अंशांच्या आसपास येतो. द्रावण त्याखाली गेले की स्टीलच्या पेल्याला बाहेरून दव धरते, आणि ते आपली सुप्त उष्णता (बाष्पाचे पाणी होताना सुटणारी) पेल्याला देते. अवघे ०.१ ग्रॅम दव ०.२४ किलोज्यूल सोडते, म्हणजे जवळपास अर्ध्या अंशाची चूक. स्टील स्वतःही उष्णतेची देवघेव करते, ते वेगळेच. यावर उपाय म्हणून थर्माकोलचे दोन पेले एकात एक घालून वर झाकण ठेवावे, आणि पाणी ३२ अंशांपासून सुरू करावे. मग शेवट साडेपंचवीसच्या आसपास होतो, दवबिंदू टळतो आणि खोलीशी होणारी देवघेव दोन्ही बाजूंनी बरीचशी फिटते.

क्षार टाकण्यापूर्वी आणि नंतरही दर अर्ध्या मिनिटाला नोंद घ्यावी, व आलेखाची नंतरची रेषा मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवून फरक वाचावा. साध्या मिठाचा मोह मात्र टाळावा, कारण ५.८५ ग्रॅम मिठाने तापमान एक अंशही उतरत नाही. उपकरण पारखायचे असेल तर पोटॅशियम क्लोराइड घ्यावे: ७.४६ ग्रॅमने १०० ग्रॅम पाणी साधारण ४ अंशांनी गार झाले, तर आपली तापमापी निर्दोष मानायला हरकत नाही.