दगड रिकामा फिरायला लागला की

गेल्या अंकात सिनेमातल्या साउंड डिझाइनबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, पण जे प्रश्न परत परत आले ते घेतलेत.

ताई, तुम्हाला आवाजाचं हे वेड लागलं कुठून? घरात कुणी गाणारं होतं का? (एक वाचक, कराड)

गाणारं कुणी नव्हतं हो, आमची पिठाची गिरणी होती. सांगलीकडच्या गावात बाजाराच्या रस्त्याला पत्र्याचं शेड आणि मागे दोन खोल्यांचं घर, त्यामुळे माझा अभ्यास, जेवण, दुपारची झोप सगळं त्या घरघरीतच झालं. आप्पा गिरणी चालू करून बाहेर कट्ट्यावर गिऱ्हाइकांशी बोलत बसायचे, पाठ गिरणीकडे, आणि बोलता बोलता मधेच उठून आत जायचे. यांना कळतं कसं असं मला वाटायचं. तर वरच्या पेटीतलं धान्य संपत आलं की घरघर जरा पातळ होते, वर चढते, आणि मग दगडावर दगड घासायला लागतो. त्या घासण्याच्या आधीचे जे दोन-तीन सेकंद असतात ना, त्यात आप्पा उठलेले असायचे. ज्वारी पडलीय की गहू की हरभऱ्याची डाळ हे न बघता सांगायचे, दगडाला टाकी लावायची वेळ झालीय हेही पिठाला हात लावायच्या आधी आवाजावरूनच ओळखायचे.

पुढे मी पुण्यात शिकले, मुंबईत लोकेशनवर बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, धरून तासन् तास उभी राहिले, मग स्टुडिओत बसून आवाज रचायला लागले, आणि हळूहळू लक्षात आलं की मला जे येतं त्यातलं निम्मं त्या शेडमधलं आहे. म्हणजे आवाजापेक्षा त्यातला बदल ऐकायचा. घरात पंखा फिरत असतो तेव्हा तो कुणाच्या कानावर नसतो, लाइट जाऊन थांबला की सगळ्यांना कळतं काहीतरी गेलं. एखादा सीन अंगावर यायला हवा असेल तर पुष्कळदा मी तिथे काही नवीन घालत नाही, आधीपासून चाललेलं एखादं काढून घेते, रातकिडे बंद करते किंवा शेतातली लांबची मोटर बंद करते, आणि बघणाऱ्याला का ते कळत नाही पण तो सावरून बसतो.

पाऊस सुरू झाला की मी मोबाइलवर रेकॉर्ड करते, पण नंतर ऐकलं तर भजी तळल्यासारखं चर्रर्र येतं. मोबाइल बदलू का? (एक वाचक, चिपळूण)

मोबाइल नका बदलू, जागा बदला. पावसाला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतोच, तो ज्याच्यावर पडतो त्याचा आवाज असतो. अंगणाच्या मधोमध फोन धरला की पत्रा, कौलं, केळीची पानं, चिखल या सगळ्यांवरचे असंख्य थेंब एकदम येतात आणि त्यांची मिळून एक चर्रर्र होते. भज्यांचंही तेच, तेलातले बारीक बारीक बुडबुडे फुटत असतात, ते मोजता येत नाहीत इतके जवळजवळ. तिथे उभ्या असलेल्या तुम्हाला मात्र हे सगळं वेगवेगळं ऐकू येतं, कारण दोन कानांमुळे दिशा कळते आणि मेंदू हवं ते पुढे आणतो, नको ते मागे सारतो. लग्नाच्या हॉलमधे केवढा कल्लोळ असतो तरी समोरच्या मावशींचं बोलणं आपल्याला कळतं ते यामुळेच, कॉलिन चेरी नावाच्या संशोधकाने 1953 साली यावर प्रयोग केले होते. माइकला ही निवड जमत नाही, त्याला सगळं सारखंच. त्यात फोनमधलं सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बनवलेलं, ते पावसाला गोंगाट समजून दाबायला बघतं.

म्हणून जवळ जा. पागोळ्यांखाली एक हंडा ठेवा आणि फोन हातभर अंतरावर, कोरड्यात धरा. हंडा भरत जाईल तसा आवाज वर वर चढत जातो, आतली हवेची पोकळी कमी होत जाते ना म्हणून, आणि तुम्ही सुद्धा नळाला हंडा लावून पाठमोऱ्या भांडी घासत असताना तो भरत आला हे ऐकूनच उठत असणार. मग अळूच्या पानाजवळ जा, मग छत्रीत शिरून वर पडणारा घ्या. सिनेमातला पाऊस आम्ही असाच करतो, पाच-सहा वेगवेगळे पाऊस एकावर एक ठेवून, आणि जवळचा एखादा ठसठशीत थेंब त्यात नसेल ना, तर सगळा पाऊस खोटा वाटतो.

रेकॉर्ड केलेला माझा आवाज मला ऐकवत नाही, इतका बारीक आणि परका वाटतो. असं का? (एक वाचक, नागपूर)

आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून तर येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो आणि हाडांतून खालचे, भरदार सूर जास्त येतात. रेकॉर्डिंगमधे फक्त हवेतला असतो. म्हणजे तो परका आवाजच बाकी सगळ्यांना तुमचा म्हणून माहितीय आणि आवडतोय.

मी बी.एस्सी.ला आहे, मला साउंड डिझायनर व्हायचंय. पहिला माइक कोणता घेऊ? (एक विद्यार्थी, लातूर)

आत्ता काही घेऊ नकोस. पुण्यात एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे, कोलकात्यात तशीच सत्यजित राय इन्स्टिट्यूट आहे, पदवी झाली की दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा दे. 2009 साली साउंड मिक्सिंगचं ऑस्कर मिळालं ते रसूल पूकुट्टी एफटीआयआयचेच. तोवर कान तयार कर, त्याला पैसे लागत नाहीत.

एक सांगते, करून बघ. लोकेशनवर सीन संपला की आम्ही अख्ख्या युनिटला जागच्या जागी गप्प उभं करतो आणि अर्धा-एक मिनिट त्या रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करतो, त्याला रूम टोन म्हणतात. सगळ्यांना घरी जायची घाई असते, मागे कुणीतरी खोकतं, मग परत पहिल्यापासून. पण तो नसेल तर नंतर दोन वाक्यांमधली जागा जोडताना आवाजात भोक पडल्यासारखं होतं. तू रोज वेगळ्या खोलीत एक मिनिट बस आणि काय काय ऐकू आलं ते मराठीत लिही. सळसळ, खसखस, किणकिण, कुरकुर, भुणभुण, आपल्या भाषेत ओंजळ भरून शब्द आहेत, योग्य शब्द सापडेपर्यंत कानाला परत परत जावं लागतं.

आणि पक्षी शीक. एकदा जूनमधे शूट केलेला दिवाळीच्या पहाटेचा सीन माझ्याकडे आला, सगळे स्वेटर घालून अंगणात, आणि मागे पावशा जीव तोडून 'पेरते व्हा, पेरते व्हा' ओरडतोय! गावाकडच्या प्रेक्षकाला तो लगेच खटकला असता. दोन दिवस लागले काढायला. आवाजाशी ही झटापट तशी जुनीच आहे, 1931 ला 'आलम आरा' झाला तेव्हा स्टुडिओशेजारून गाड्या धडधडत जायच्या म्हणून बरंचसं शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर करावं लागलं होतं.

दिवसभर इअरफोनवर काम असतं. हल्ली रात्री कानात सूंऽऽ असा आवाज येतो. वय 34. काळजीचं आहे का? (एक वाचक, पुणे)

हो, याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, पुढे ढकलू नका. कानाच्या आत शंखासारख्या भागात बारीक केसांच्या पेशी असतात, एकेका कानात साधारण 15 हजार, त्या एकदा गेल्या की माणसात परत उगवत नाहीत. 85 डेसिबल दिवसाला आठ तास ही मर्यादा धरतात, आणि त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 88 ला चार तास, आणि असं करत 100 ला गेलात तर फक्त 15 मिनिटं.

मी हे कळकळीने सांगतेय कारण माझा डावा कान असाच गेलाय. दहा वर्षांपूर्वी एका मिरवणुकीत रेकॉर्डिंगसाठी स्पीकरच्या भिंतीशेजारी दोन तास उभी होते, रात्री सूं सुरू झालं आणि ते गेलं नाही. ऑडिओग्रामवर, म्हणजे त्या तपासणीच्या आलेखावर, 4000 हर्ट्झला खड्डा आहे. त्या कानाने 'स' आणि 'श' पुसट येतात, त्यामुळे मिक्स करताना मी प्रत्येक रीळ एकदा हेडफोन उलटे घालून परत ऐकते, डावं उजव्या कानाला. आप्पांचंही तेच झालं होतं. घरी त्यांच्याशी ओरडून बोलावं लागायचं, बोलण्यातली अक्षरं वरच्या पट्टीत असतात, ती गेली होती. दगडांची घरघर खालच्या पट्टीत, ती शेवटपर्यंत शाबूत होती.

आईबाबांचे आवाज जपून ठेवावेसे वाटतात. कसे रेकॉर्ड करू? (एक वाचक, डोंबिवली)

'काहीतरी बोला ना' म्हणू नका, माणूस लगेच भाषणाच्या आवाजात जातो. ते कामात असताना घ्या. आई पोळ्या करत असेल तर ओट्यावर घडी केलेल्या फडक्यावर फोन ठेवा, हातभर लांब, म्हणजे लाटण्याची धडधड ओट्यातून फोनमधे जाणार नाही, आणि तुम्ही तिथेच बसून नेहमीसारख्या गप्पा मारा. तासभर चालू राहू द्या. फाइलला तारीख घाला, दोन ठिकाणी कॉपी ठेवा.

गिरणी विकायच्या आधी, 2011 मधे, मी चाळीस मिनिटं रेकॉर्ड केली होती. मला तेव्हा फक्त गिरणी हवी होती, चांगले माइक नेले होते, आप्पांना म्हटलं मधे बोलू नका. ते बोलले नाहीत. तीन वर्षांनी ते गेले. सगळ्या फाइलमधे त्यांचा आवाज एकदाच आहे, एकतिसाव्या मिनिटाला, दळण घेऊन आलेल्या बाईंना ते म्हणतात, "बाजरी ना? ठेवा तिथं." त्याच्या जरा आधी घरघर पातळ होते, आणि कट्ट्यावरून चपला घासत आप्पा उठल्याचं ऐकू येतं.