सुरमईबरोबर कुठली वाइन?

चिऊ,

तुझा मेसेज दोनदा वाचला. शनिवारी रेस्टॉरंटमधल्या मैत्रिणींना मराठी जेवायला बोलावलंयस, तर पहिला कोर्स काय, दुसरा काय, कशाबरोबर कुठली वाइन द्यायची? आणि आजीचा अख्खा गाव द्राक्षं पिकवतो, तरी तिच्याकडे जेवताना कुणी वाइन का घेत नाही? फोनवर सांगायला लागले की तू अर्ध्यावरच ‘कळलं, कळलं’ म्हणतेस. म्हणून लिहिते.

कोर्स आपल्याकडे नाहीत. ताट वाढतात. वर मधोमध मीठ; डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं; उजवीकडे भाज्या, आमटी; मध्ये वरणभाताची मूद आणि तिच्यावर तूप. क्रम म्हणशील तर तेवढा भाताचा असतो, सुरुवातीला वरणभात आणि शेवटी ताकभात. मधल्या वेळात कुठला घास कशाला लावून खायचा हे ज्याचं तो ठरवतो. तुमच्याकडे बशीत एकच पदार्थ येतो, तोही लोणी-क्रीममध्ये न्हालेला, म्हणून त्याला सोबत लागते. वाइनचा आंबटपणा ते तूपट कापतो, जीभ पुन्हा ताजी होते. आपल्या ताटात हे काम डाव्या बाजूनं आधीच अंगावर घेतलेलं असतं, आणि बऱ्याचदा वाटीनंही.

पुरणपोळीचंच बघ. हरभऱ्याची डाळ शिजली की ती चाळणीत उपसायची, खाली पातेल्यात उतरतो तो कट. त्यात मूठभर शिजलेली डाळ घोटून घालायची, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, गोडा मसाला, भाजून वाटलेलं खोबरं-जिरं, आणि वरून हिंग-कढीपत्त्याची चरचरीत फोडणी. ही आमटी पातळच हवी, दाट झाली की मजा गेली. पोळीवर तूप, आत गूळ-डाळ; तिसऱ्या-चौथ्या घासाला गोड तोंडात बसायला लागतं. तेव्हा वाटी तोंडाला लावायची. आंबट-तिखट घोट गेला की पुढची पोळी मागायला माणूस मोकळा. ज्या डाळीचं पुरण, तिच्याच पाण्याची आमटी! तुमच्या सोमेलियेला, म्हणजे त्या वाइन सुचवणाऱ्याला, हे जरूर सांग.

लग्नाच्या पंगतीत जिलबीबरोबर मठ्ठा येतो तो याच हिशेबानं. कोल्हापुरात मटणाच्या ताटात तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से असतात, एक जाळतो आणि दुसरा सांभाळून घेतो. बाबांच्या मालवणच्या घरी माशांवर सोलकढी.

म्हणून ताटाबरोबर वाइन लावायची खटपट मला फारशी पटत नाही. आमच्या इथली, ऑस्ट्रेलियातल्या बारोसाची तांबडी वाइन शिराझ मला आवडते, पण लसणाच्या ठेच्यासमोर तिची दैना होते. मिरचीची आग अल्कोहोलनं वाढते आणि तिच्यातलं तुरट टॅनिन कडूजहर लागतं. हलकी, किंचित गोडसर, थंडगार पांढरी वाइन त्यातल्या त्यात तग धरते. नाशिकची शेनिन ब्लां तशी असते.

आता आजीकडचं. तिच्या गावातली बहुतेक बाग खायच्या द्राक्षांची: थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश. वाइनची द्राक्षं वेगळी, साल जाड, बी मोठी, खायला कुणी विकत घेणार नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग पावसाळा संपता संपता दुसरी, जिला सगळे ऑक्टोबर छाटणी म्हणतात. तिथून मोजून माल जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतो. म्हणजे तिथे हिवाळा सरत असतो नि इथे आपला उन्हाळा, तरी दोन्हीकडची तोडणी जवळजवळ एकाच वेळी. इथल्या शेजाऱ्यांना हे खरं वाटत नाही. नारायणगावला १९८०च्या दशकातच फेसाळती वाइन होऊ लागली होती. नाशिकमध्ये सुला वाइनयार्ड्सची पहिली वाइन २००० साली आली आणि २००१ मध्ये सरकारनं द्राक्षावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांसाठी धोरण आणलं. म्हणजे तिकडची वाइन वयानं तुझ्याहून फार मोठी नाही. आजीच्या स्वयंपाकघराच्या रीती त्याच्या कितीतरी आधीच्या.

तिच्या घरात अन्न आधी देवघरात जातं, नैवेद्य होतो, मग पानं मांडतात. तिथे बाटली उघडणं तिला सुचणारच नाही. पिणारे काका-मामा आहेत की! पण ते बाहेर ‘बसतात’, शेंगदाणे-फरसाण फस्त करतात आणि अकरा वाजता जेवायला येतात, तोवर काकूनं भाकरी झाकून ठेवलेली असते. पिणं आणि जेवणं अशी दोन वेगळी बिऱ्हाडं. (यात बायकांनी कुठे बसायचं, हा तुझा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. त्यांनी वाढायचं, असंच होतं. मलाही ते आवडत नव्हतं.) कायदाही तसाच. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून आहे. पिणाऱ्याकडे परवाना हवा, म्हणून तर बारवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवू द्यायचा निर्णय झाला, तर अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय बारगळला. नाशिकच्या शेतकऱ्याची द्राक्षं खपली असती, हे माझं मत. आजीचं बरोबर उलटं आहे.

पण मैत्रिणींना ‘मराठी लोक जेवणाबरोबर पीत नाहीत’ असं ठोकून देऊ नकोस. ते आजीच्या घरापुरतं झालं. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची बोली मराठीच, आणि त्यांच्या लग्नात खिमाड म्हणजे मसाले घातलेली दारू असते. कोकणात गावच्या राखणदार देवाला कोंबड्याबरोबर दारूही दाखवतात. गोव्यात काजूच्या दिवसांत हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, घरोघरी. तेही सगळे आपलेच.

तर शनिवारी असं कर. मैत्रिणी आल्या की कोथिंबीर वडी गरम तळून दे आणि तिच्याबरोबर ती थंड गोडसर वाइन. गप्पा तिथेच होऊ देत. मग ग्लास उचल आणि ताटं मांड, सगळं एकदम वाढ. तिकडे स्पॅनिश मॅकरेल म्हणून मिळते ती आपली सुरमईच, तिचे तुकडे तळ, थोडं कालवण कर. सोलकढीसाठी आमसुलं कोमट पाण्यात भिजव, नारळाचं दूध, लसूण, हिरवी मिरची, मीठ. गॅसवर चढवू नकोस, फाटते. कुणी ग्लास ताटाशी घेऊन आलीच तर येऊ दे, पण सोलकढीची वाटी तिच्याही ताटात हवी. आणि आग्रह एकदाच कर. दुसऱ्यांदा ‘नको’ म्हणाल्या तर त्यांना खरंच नको असतं, ते लोक आपल्यासारखे नाहीत.

– आई