चूक टांकसाळीची की नंतरची?

प्रश्न : माझ्याकडच्या एका नाण्याची कड चंद्रकोरीसारखी कमी आहे. दुसऱ्यावर मूळ चित्राच्या वरच उलटी, खोलगट अक्षरं दिसतात. ही टांकसाळीची चूक समजायची का?

उत्तर : पहिल्या नाण्याची तुटकी जागा सोडा, तिच्या बरोबर समोरची कड भिंगातून बघा. पत्र्यातून नाण्याच्या कोऱ्या चकत्या पाडताना पंच, म्हणजे चकती कापणारं हत्यार, आधीच्या भोकावर अर्धवट बसला, तर चकती अशी अपुरी निघते. मग तिची कड उभारताना तुटक्या जागेसमोर पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून तिथली कड बहुतेक वेळा बसकी, पुसट राहते. समोरची कड ठसठशीत असेल आणि तुटक्या जागी कानशीचे ओरखडे दिसत असतील, तर ते कुणाचे तरी उद्योग आहेत.

दुसऱ्याची आशा सोडा. आधीचं नाणं चित्र उमटवणाऱ्या ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर त्याची उलटी, खोलगट प्रतिमा उमटते हे खरं. पण ती उमटते कोऱ्या चकतीवर. खाली दुसरं चित्र कुठून येणार? तुमच्या नाण्यावर ते आहे, म्हणजे दोन नाणी एकत्र धरून व्हाइसमध्ये (शेगड्यात) आवळलेली दिसतात. मागची बाजू बघा, तिथलं चित्रही चेपलेलं असेल.

उंच उठलेली बारीक रेघ मात्र ओरखडा समजून फेकू नका. ओरखडा धातूत खाली जातो. तडकलेल्या ठशाची रेघ वर उठते. आणि कृपा करून नाणी घासूनपुसून चकचकीत करू नका, पुरावाच जातो.